पंचनाम्यातली दुसरी चूल

रेशनकार्ड वेगळं काढायचं असेल तर आमच्याकडे आधी अंगणात तीन दगड मांडतात. दगड नवे दिसता कामा नयेत. त्यांच्यात दोन-तीन वेळा तुराट्या जाळायच्या, वर एखादं काळं पातेलं ठेवायचं आणि राख झाडायची नाही, तशीच राहू द्यायची. चौकशीला तलाठी आला की राखेकडे बोट करून म्हणायचं, साहेब, पोरगं वेगळं निघालं, त्याची चूल वेगळी. ही चूल काल पेटली आणि उद्या तिच्यात कोंबडी बसणार, हे तलाठ्यालाही ठाऊक असतं. तो कागदावर लिहितो, ‘विभक्त चूल’. पाच पंच सह्या करतात, चहा पितात, आणि एका घराची दोन घरं होतात.

ही विद्या मी काढली नाही, पण आमच्या भागात ती पसरवली मी. तालुक्याच्या कार्यालयासमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तालुका कोणता ते लिहीत नाही. वाशिम जिल्ह्यातला कोणताही घ्या. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला मी शेवटी न चुकता सांगत आलो, “चौकशी लागन. दगड मांडून ठेवा, राख ठेवा.” किती जणांना सांगितलं त्याची मोजदाद नाही. अर्ध्या तालुक्याची कार्डं माझ्या त्या एका वाक्यावर उभी आहेत.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. आजोबांचा अंगठा, वडिलांचा अंगठा, आणि तिसऱ्या पिढीत एकदम इंग्रजीतली सही. मी हे मिरवतो. डिग्री फ्रेम करून दुकानात अशा जागी लावली आहे की खुर्चीवर बसणाऱ्याची नजर पहिली तिच्यावर जावी. आमच्या घरी भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, आणि कायदा वाचता येणं ही आमच्यात चैन नाही, ते कर्तव्य आहे असं वडील सांगायचे. म्हणून गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर कायदे वाचतो, निकाल वाचतो, कळत नाहीत ते दोनदा वाचतो. एवढं असून जे झालं ते माझ्याच हातून झालं. त्याची किळस अजून गेलेली नाही, आणि तिच्यातला बराचसा वाटा माझा मलाच घ्यावा लागतो.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मेडशीकडच्या एका लहान गावात राहते. तेच माझं आजोळ, माझंही लहानपण तिथलंच. लग्नानंतर वर्षभरात ती सासर सोडून परत आली, पुन्हा गेली नाही. अंगणवाडीत मदतनीस आहे. तिच्यासोबत आणखी एक बाई राहते. ही जऊळक्याकडची. बावीस वर्षांपूर्वी सोयाबीन कापणाऱ्या, सोंगणीच्या टोळीत आली, टोळी पुढं गेली, ही राहिली. मावशीपेक्षा हातभर उंच, म्हणून आम्ही पोरं तिला लंबी मावशी म्हणायचो, अजून म्हणतो. मावशीचं तुटपुंजं वावर लंबी मावशी वाहते. डवरा स्वतः धरते, फवारणीचा पंप पाठीवर घेते. मावशी घर बघते, अंगणवाडी बघते, आणि लंबी मावशी वावरातून यायच्या वेळेला ओट्यावर येऊन बसते. बावीस वर्षांत ती वेळ चुकलेली मी पाहिली नाही.

त्या दोघी काय आहेत हे गावाला माहीत होतं. कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि बोलणं यांच्यात आमच्याकडे मोठा बांध असतो. लग्नकार्यात दोघींना एकच पत्रिका यायची. एकीला विचारलं की दुसरीचं उत्तर मिळायचं. पाठीमागं काय बोलायचे ते बोलायचे, त्यातलं बरंचसं मी लहानपणी ऐकलं आहे आणि इथं लिहून कागद खराब करणार नाही. तोंडावर मात्र मावशी, काकू, बाई. मलाही ते बरं वाटायचं. गाव समजूतदार आहे असं मी बाहेर सांगायचो.

मागल्या वर्षी लंबी मावशीच्या अंगावरून जाणं थांबेना. दोन महिने तिनं सांगितलं नाही. मग एक दिवस वावरातच बसून राहिली. अकोल्याला नेली, तपासण्या झाल्या. पिशवीत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, रक्त आधीच कमी आहे, फार थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले. सरकारी योजनेत ऑपरेशन होत होतं. काउंटरवरच्या मुलीनं रेशनकार्ड मागितलं. लंबी मावशीचं नाव तिच्या भावाच्या कार्डावर होतं. मुलीनं नंबर टाकला आणि म्हणाली, ह्या कार्डावर असं कोणी नाही. भावानं नाव कापलं होतं. कधी कापलं, कोणाला विचारलं, काही नाही. बावीस वर्षं ती तिथं जेवली नव्हती हे खरं, पण हिच्या नावाचं धान्य तो उचलत होताच. अंगठ्याची पडताळणी आली आणि ही अंगठा द्यायला जाणार नव्हती, तेव्हा त्यानं नाव काढून टाकलं.

म्हणजे आता प्रश्न एवढाच होता: लंबी मावशीचं नाव कोणत्या तरी कार्डावर चढलं पाहिजे, आणि लवकर चढलं पाहिजे.

मला आनंद झाला होता, हे सांगायची लाज वाटते. कारण मला उत्तर माहीत होतं. गेली काही वर्षं मी हेच वाचत होतो. आपल्या वरच्या कोर्टानं आधी अशा माणसांच्या डोक्यावरचा गुन्हा काढून टाकला. पाच वर्षांनी त्याच कोर्टानं सांगितलं की लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, ते संसदेनं बघावं. सरकारला म्हणाले समिती नेमा, अडचणी बघा. गुन्हा नाही, नातंही नाही. मधल्या मोकळ्या जागेत उभे राहा. पण त्या समितीतून एक काम निघालं होतं. दिल्लीहून अन्न खात्याचं पत्र निघालं की अशा जोडप्यांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले समजावं, अडवू नये. ते पत्र निघालं तेव्हाच मी ते उतरवून ठेवलं होतं. मनात ह्याच दोघी होत्या.

बाहेरच्या जगाचंही मी त्यांना कधीमधी सांगायचो. थायलंडनं दोन बायांच्या, दोन पुरुषांच्या लग्नाचा कायदा केला तेव्हा मी मोबाइलवर फोटो दाखवला. लंबी मावशीनं विचारलं होतं तिकडं सोयाबीन होते का. म्हटलं, भात होतो. “मंग कायले जाव,” ती म्हणाली, “आपल्याले रोवणी येत नाई.” पण जे सांगितलं नाही तेच जास्त होतं. आफ्रिकेतल्या युगांडानं अशा माणसांना फाशीपर्यंतची शिक्षा लिहून ठेवली. हंगेरीनं त्यांच्या मोर्च्यावर बंदी घातली. अमेरिकेत नवा अध्यक्ष बसला आणि पहिल्याच दिवशी सही करून माणसं दोनच प्रकारची असतात असं ठरवून मोकळा झाला. मी भूगोलात कच्चा आहे, पण एक गोष्ट मला कुठलाही नकाशा न बघता कळते. मतं मागायची वेळ आली आणि दाखवायला रस्ता नाही, भाव नाही, नोकरी नाही, की जगातल्या कोणत्याही भाषेतल्या पुढाऱ्याला ही माणसं आठवतात. ज्याला कधी कोणाच्या घरात डोकावायची फुरसत नसते तो एकदम लोकांच्या खाटेखाली वाकून बघायला लागतो. आपल्या गावात तसं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

तर मी पत्राची प्रत काढली आणि गावी गेलो. मावशी ओट्यावर तूर पाखडत होती. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. कार्ड तुझं, त्यावर हिचं नाव चढणार. फक्त अर्जात लिहावं लागेल की तुम्ही दोघी कोण.

मावशीनं सूप थांबवलं नाही. तशीच पाखडत म्हणाली, “बावीस वर्सं कोणाले सांगाव लागलं नाई. आता तलाठ्याले सांगू?”

लंबी मावशी आत पडून होती. आतूनच म्हणाली, “सांगून टाक वो. पिशवीतली गाठ डॉक्टर काढन, मनातली तुलेच काढा लागन.”

मी अर्ज तिथंच लिहिला. नात्याच्या जागी ‘जोडीदार’ लिहिलं. मावशीनं तो शब्द मला तीनदा वाचायला लावला. म्हणाली, हे तर बैलाले म्हणतात. लंबी मावशी म्हणाली, मंग काय चुकलं, बावीस वर्सं एका जुवाखाली आहो. मावशी हसली नाही, पण तिनं सही केली. अंगणवाडीच्या हजेरीवर करते तशी, अक्षर अक्षर मोजून. त्या सहीला किती वजन होतं ते मला कळलं होतं, निदान मला तसं वाटलं. मी पत्र जोडलं आणि एखादा निकाल जिंकल्यासारखा एसटीत बसलो.

कार्यालयात पुरवठ्याच्या टेबलावरचा माणूस मला ओळखतो. रोजचं येणं-जाणं आहे, एकमेकांच्या डब्यातलं खातो. त्यानं अर्ज वाचला, परत वाचला, मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा वाचला. शेजारच्यानं पलीकडच्याला बोलावलं. तिघं मिळून मावशीच्या सहीकडे बघत होते. त्यानं विचारलं, “बाईच्या कार्डावर बाईले काय लिहू, बायको?” आणि ते हसले. मोठ्यानं नाही, नाकातून हसले. मोठ्यानं हसले असते तर भांडता आलं असतं. मी दिल्लीचं पत्र पुढं केलं. त्यानं ते उलटून मागची कोरी बाजू बघितली. म्हणाला, हे दिल्लीचं आहे, आमच्यापर्यंत आलं नाही. मी म्हटलं, आलं नसेल तर आता मी आणलं ना. मग त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. नात्यांची यादी: पत्नी, मुलगा, सून, सासू, भाऊ, भावजय, नातू. माणसाला माणूस लागण्याचे सगळे मान्य प्रकार. सगळ्यात खाली ‘इतर’. तो म्हणाला, “तू आपला माणूस हायेस म्हणून ‘इतर’ टाकतो. पण चौकशी लागन, भाऊ. असं तसं होत नाई.”

मावशीला फोनवर मी एवढंच सांगितलं: गुरुवारी चौकशी आहे. तलाठी आणि पंच येतील. घाबरू नको, पत्र आहे.

एवढंच सांगितलं. हे वाक्य मी पुष्कळदा मनात फिरवलं आहे.

गुरुवारी मी तलाठ्याच्याच गाडीवर मागं बसून गावात गेलो. पंच आधीच अंगणात होते, सोबत गावचा कोतवाल. पाचांपैकी दोघांबद्दल सांगतो. एकाच्या मुलीच्या लग्नात ह्या दोघींनी दोन दिवस पुऱ्या लाटल्या होत्या. दुसरा आमच्यातलाच, दर वर्षी संविधान दिनाला विहारासमोर उभा राहून प्रस्तावना वाचतो. ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणताना त्याचा आवाज भरून येतो, तो खोटा नसतो, मी शेजारी उभा राहून ऐकला आहे. तेच पाच जण त्या दिवशी ओट्यावर बसायला तयार नव्हते. त्यांना घर बघायचं होतं. ज्या घरात ते बावीस वर्षं चहा प्यायले त्या घरात ते पहिल्यांदा आल्यासारखे शिरले. न्हाणीत बघितलं. दोरीवरच्या लुगड्यांकडे बघितलं. लंबी मावशी खाटेवर होती, अंगात उठायचं बळ नव्हतं, आणि हे खाटेभोवती उभे. पुऱ्यावाल्यानं घसा साफ केला आणि तलाठ्याला विचारावं तसं, पण तिला ऐकू जाईल असं, म्हणाला, “खाट एकच दिसते?”

लंबी मावशी पडल्या पडल्या म्हणाली, “दुसरी तुमच्याच घरी नेली होती, पोरीच्या लग्नाले. वापस याची राह्यली.”

कोतवाल हसला. बाकी कोणी हसलं नाही. प्रस्तावनावाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मला जे वाटलं तो राग नव्हता. राग स्वच्छ असतो. शिळ्या वरणाच्या भांड्यावरचं झाकण उघडल्यावर येतं तसं ते होतं. ह्यांनी बावीस वर्षं तोंडावर मावशी, काकू म्हटलं तो समजूतदारपणा नव्हता. ते वाट बघत होते. एक दिवस सरकारी कागद येईल आणि आत डोकावायचा हक्क मिळेल, एवढीच वाट.

तलाठी तसा बरा माणूस. त्यालाही ते आवडलं नसावं. त्यानं विषय बदलायला नेहमीचा प्रश्न विचारला, “बरं, चूल?”

आणि मावशी पुढं आली. धुतलेलं पातळ नेसली होती, अंगणवाडीच्या मीटिंगला नेसते ते. ती दारातून अंगणात गेली, सगळे तिच्यामागं गेले. सांदीत, कडुलिंबाखाली, तीन दगड होते. काळे केलेले. मधे राख. वर एक जळकं पातेलं. मावशीनं बोट केलं आणि एका दमात म्हणाली,

“घरातली माही, हे तिची. दोन चुली हायेत, साहेब. राख पाहून घ्या.”

शब्द माझे होते. जसेच्या तसे. दुकानात बसून मी जे साऱ्या तालुक्याला शिकवलं ते तिनं न चुकता म्हणून दाखवलं. रेशनची चौकशी म्हणजे दगड, हे तिला मी सांगायची गरज नव्हती, आणि ह्या वेळी दगड नकोत, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. अर्जात मी लिहिलं होतं, एक घर. अंगणात ती दाखवत होती, दोन. तेही अभिमानानं. माझ्याकडे बघत होती, बरोबर केलं ना असं.

मी तिथं बोलायला हवं होतं. साहेब, ही चूल खोटी आहे, कालची आहे, एवढं म्हणायचं होतं. पण त्या पाच पंचांपैकी चौघांच्या घरची कार्डं अशाच तीन दगडांवर निघाली होती, आणि अर्ज मी भरले होते. ती चूल खोटी म्हटली तर कुठली खरी? पुऱ्यावाल्यानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी राखेकडे बघत राहिलो. इंग्रजीत सही करणारा माणूस, अंगठा लावणाऱ्या बापापेक्षा त्या दिवशी मला लहान वाटला. वडील खोटं बोलले असते, पण गप्प राहिले नसते.

तलाठ्यानं लिहिलं. मग सगळ्यांसाठी चहा आला. घरातल्या गॅसवर, एकाच पातेल्यात झालेला. दोन चुलींच्या घरातला तो एका शेगडीवरचा चहा पाचही पंचांनी फुंकर घालून प्यायला, कप खाली ठेवले आणि पंचनाम्यावर सह्या केल्या.

निघताना तलाठी मला बाजूला घेऊन म्हणाला ते भल्यासाठीच म्हणाला. एक कुटुंब हा अर्ज आता टिकत नाही, चुली दोन निघाल्या. पण ह्याच पंचनाम्यावर त्या बाईचं एकटीचं कार्ड आरामात होतं. एकटी बाई, निराधार. उद्या अर्ज करा, मी अडवत नाही. तुमचं काम झाल्याशी मतलब.

तो गेल्यावर मी मावशीवर ओरडलो. ती कप गोळा करत राहिली. लंबी मावशी म्हणाली, “तिले काहून बोलतो? येवढं मोठं इंग्रजी वाचलं तुनं. दगड मांडू नका, येवढं मराठी नाई सांगतलं.”

नवा अर्ज नको, लढू, असं मी तेव्हा म्हणालो. वर तक्रार करू, पत्र दाखवू, वकील बघू. लंबी मावशीच्या ओठांचा रंग गेला होता. मावशी म्हणाली, “लढाले किती दिस लागन?” दुसऱ्या दिवशी लंबी मावशीला ऑटोत निजवून दोघी दुकानात आल्या. मावशी आत आली नाही, समोरच्या रसवंतीच्या बाकावर पाठ करून बसली. मी टाइप केलं: एकटी. निराधार. जवळचे नातेवाईक नाहीत. अंगठा लावणाऱ्याला वाचून दाखवायचा नियम आहे, म्हणून लंबी मावशीला वाचून दाखवलं. ती डिग्रीच्या फ्रेमकडे बघत ऐकत होती. मग अंगठा शाईत बुडवून तिनं विचारलं, कुठं? मी जागा दाखवली. तिनं अंगठा दाबला.

कार्यालयात त्या टेबलावर कोणी नाकातून हसलं नाही. ह्या अर्जात हसण्यासारखं काही नव्हतं. कार्ड लवकर झालं, मी नेहमी सांगतो त्याहून लवकर. खरं लिहिलेला कागद परत आला आणि खोटा लिहिलेला शिक्का घेऊन आला. मी ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून दिलं, आणि नंतर हात धुतला. साबणानं धुतला.

अकोल्याला भरती केलं. ऑपरेशनच्या आधी एक सिस्टर फॉर्म घेऊन आली. नातेवाईक कोण आहेत? मावशी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, हातात लंबी मावशीच्या बांगड्या, काढून ठेवलेल्या. सिस्टरनं तिला विचारलं, तुम्ही कोण?

“शेजारीण,” मावशी म्हणाली.

मी तिला असं सांगायला सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. पण कार्डावर ‘कोणी नाही’ असं मी लिहिलं होतं, आणि दुसरं काही बोललं तर कार्ड जाईल, कार्ड गेलं तर ऑपरेशन जाईल, एवढा हिशोब तिनं उभ्या उभ्या केला होता. बावीस वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं. एकदा तिनं सही करून खरं सांगितलं, आणि आता तीच खोटं सांगत होती. दोन्ही वेळा कागद माझा.

सिस्टर म्हणाली, शेजाऱ्याची सही चालत नाही, भाऊ-बहीण कोणी बोलवा. भावाला फोन लावला. तो म्हणाला, “ते आता माह्या कार्डावर नाई. मी काहून सही करू?” आणि ठेवला. कार्डाचं महत्त्व त्यालाही पटलं होतं.

मग मी पेन घेतला. रुग्णाशी नातं: भाचा. खाली सही केली, इंग्रजीत. सिस्टरनं कागद घेतला आणि गेली. कोणी पुरावा मागितला नाही. कोणी तलाठी पाठवला नाही, पंच बोलावले नाहीत, माझी खाट मोजली नाही. शर्ट इन केलेला एक पुरुष भाचा म्हणतो म्हणजे तो भाचाच. बावीस वर्षांच्या घराला पाच सह्या पुरल्या नाहीत, आणि मला एक शब्द पुरला. तो शब्द लिहिताना मला लाज वाटली नाही, तो खराच होता. शिसारी आली ती तो किती सहज चालला त्याची.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. मावशी आठ दिवस खाटेखाली चटई टाकून राहिली. वेणी घालायची, तोंड पुसायची, डॉक्टर आले की लांब सरकून उभी राहायची. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी तीच सिस्टर कौतुकानं म्हणाली की अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं. मावशीनं मान हलवली.

मधे एकदा प्रस्तावनावाला पंच दुकानात आला. धाकटा मुलगा वेगळा निघतोय, कार्ड काढायचं, तर दगड कधी मांडू म्हणाला. मी सांगितलं, दुसऱ्या दुकानात जा. त्याला कारण कळलं नाही. कळलं असेल तर त्यानं दाखवलं नाही. कळणं आणि दाखवणं यांच्यात बांध घालायची कला आमच्या गावात जुनी आहे.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. लंबी मावशी ओट्यावर उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. अंगणात गेलो तर ते तीन दगड तसेच. मला ते बघवेनात. मी वाकून एक उचलला, नाल्यात टाकून येतो म्हटलं. दगड गरम होता.

मावशी दारातून म्हणाली, “ठेव तो. कार्ड तपासाले आले कोणी तर काय दाखवू?”

दर दोन-चार दिवसांनी ती तिथं तुराट्या जाळते, असं लंबी मावशीनं सांगितलं. राख जुनी दिसू नये म्हणून. त्यावर काही शिजवत नाही. नुसतं जाळते, पातेलं ठेवते, उतरवते. तपासायला कोणी येत नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी तसं सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं. कागदातलं माझं सांगणं ती आता ऐकून घेते, धरत नाही.

मी दगड जागेवर ठेवला. हाताला काजळी लागली होती, ती पँटीला पुसली. आत गेलो. मावशीनं गॅसवरून भाजीचं पातेलं उतरवलं, भाकरीची चवड ओढली, दोन ताटं घेतली. मग तिसऱ्या ताटाला हात लावून थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“जेवतोस ना? सांग मंग, कोणत्या चुलीवरचं वाढू?”

ओट्यावर लंबी मावशीला हसू आलं. टाके दुखतात म्हणून तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. मावशी हसली नाही. ताट हातात धरून तशीच उभी राहिली. ती उत्तराची वाट बघत होती.